आरपार छिद्राची मालकी

अमेरिकेतल्या जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत एक विजोड रिव्हॉल्वर असतं. सांगाडा रेमिंग्टनच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’चा, म्हणजे गृहयुद्धात उत्तरेच्या घोडदळाच्या कमरेला असायचं त्याच हत्याराचा. नळीखालचा दट्ट्या अजून जागेवर आहे, पण त्याला काम उरलेलं नाही. कारण चक्र बदललेलं आहे. सहा घरांच्या जागी पाच घरं आली आहेत आणि ती मागून उघडी आहेत, धातूचं तयार काडतूस सरळ आत सरकवण्यासाठी. ०.४६ इंची काडतुसाच्या बाहेर आलेल्या कडेला जागा हवी, म्हणून एक घर कमी झालं. असे साडेचार हजारांच्या आसपास नग रेमिंग्टनने सिनसिनाटीच्या किट्रिज या व्यापारी पेढीसाठी बदलून दिले.

हा बदल सुरू झाला १८६८ साली. धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्वर अमेरिकेच्या बाजारात आलं होतं १८५७ साली. मधल्या अकरा वर्षांत एक अख्खं युद्ध होऊन गेलं, लाखो माणसं मेली, आणि त्या युद्धात दोन्ही बाजूंच्या शिपायांकडची बहुतेक रिव्हॉल्वरं ठासणीचीच होती. तंत्र हाताशी होतं, कारखाने होते, मागणी होती. आडवा आला तो एक कागद, पेटंट क्रमांक १२,६४८. पेटंटांच्या ज्या गोष्टी या सदरात मी सांगत आलो आहे, त्यांत इतकी अन्यायाची गोष्ट मला दुसरी दिसलेली नाही.

ठासणीची बंदूक कोकणात नि घाटमाथ्यावर अनेकांनी पाहिली आहे, तेव्हा पद्धत थोडक्यात सांगतो. चक्राचं प्रत्येक घर पुढून उघडं आणि मागून बंद. पुढून दारू भरायची, वर शिशाची गोळी ठेवायची, दट्ट्याने दाबायची, आणि मग घराच्या पाठीमागे असलेल्या पोकळ बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून आतल्या दारूला भिडते. हे सहा वेळा करायचं. गृहयुद्धात कागदी पुड्यांमुळे दारू मोजण्याचं काम वाचलं, पण टोप्या वेगळ्याच बसवाव्या लागत, पाऊस होताच, आणि एका घराची आग शेजारच्या घरात जाऊन भलताच बार उडण्याचा धोकाही होता. चालत्या घोड्यावर, गारठलेल्या बोटांनी हे सगळं करणाऱ्या माणसाला रिकामं झालेलं रिव्हॉल्वर पुन्हा भरणं लढाईत जवळपास अशक्यच. म्हणून ज्याला जमेल तो दोन-दोन भरलेली रिव्हॉल्वरं जवळ बाळगायचा.

यावरचा उपाय युरोपात तयार झाला होता. पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर याने १८४५ च्या सुमारास एक छोटं काडतूस आणलं, ज्यातून पुढे रिमफायर काडतुसांचं घराणं वाढलं. तांब्याच्या पातळ नळकांड्याच्या बुडाशी पोकळ कड ठेवायची, त्या कडेत स्फोटक मसाला भरायचा. घोडा कडेवर बसला की मसाला पेटतो. टोपी, दारू, गोळी सगळं एका तुकड्यात. फ्रान्समध्येच युजेन लफोशो याने १८५४ साली आरपार घरांचं रिव्हॉल्वर बनवलं. त्याच्या काडतुसाला बाजूने टाचणी असे, कडेचा मसाला नव्हे, पण मागून भरण्याची सोय तीच. १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाने ते स्वीकारलं.

अमेरिकेत मात्र ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट नावाच्या कारागिराला पेटंट मिळालं. रिव्हॉल्वर बनवणाऱ्या कोल्ट कंपनीच्या हार्टफर्डच्या कारखान्यात त्याने ठेकेदार म्हणून काम केलेलं होतं. त्याच्या आराखड्यात कागदी काडतुसं होती, ती आपोआप सरकवणारी खटपटी यंत्रणा होती, आणि त्या रूपात ते हत्यार कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. धातूच्या काडतुसावर त्याची योजना उभी नव्हतीच. पण त्याच्या दाव्यांत एक वाक्य होतं: चक्राची घरं मागच्या टोकापर्यंत आरपार नेणं, जेणेकरून मागून भरता येईल. झालं. चक्राला आरपार भोक पाडण्याचा हक्क चौदा वर्षांसाठी एका माणसाचा झाला.

होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन या बंदुका बनवणाऱ्या भागीदारांनी हे वेळेवर हेरलं. त्यांच्याकडे छोट्या रिमफायर काडतुसाचं चांगलं काम झालेलं होतं, अडत होतं ते भोकापाशी. नोव्हेंबर १८५६ मध्ये व्हाइटशी करार झाला. दर रिव्हॉल्वरमागे २५ सेंट रॉयल्टी, आणि पेटंटाच्या रक्षणासाठी जे खटले लढावे लागतील त्यांचा खर्च व्हाइटचा. ही दुसरी अट वाचली की त्या बिचाऱ्याबद्दल वाईट वाटतं. पुढच्या वर्षी स्मिथ अँड वेसनचं ०.२२ इंची, सात घरांचं पहिलं रिव्हॉल्वर आलं, १८६१ मध्ये ०.३२ इंची आलं. शिपाई स्वतःच्या खिशातून ते घेऊ लागले, मागणी कंपनीच्या आवाक्याबाहेर गेली. पण ०.३२ ही काही घोडदळाची ताकद नव्हे, आणि ०.४४ इंचीचं, लष्करी ताकदीचं काडतूस-रिव्हॉल्वर कंपनीने स्वतः बाजारात आणलं नाही, दुसऱ्या कोणाला आणू दिलं नाही.

मग उत्तरेच्या सरकारने काय केलं? हजारोंनी लफोशो रिव्हॉल्वरं फ्रान्सकडून विकत घेतली. आरपार घरांचीच. जे हत्यार आपल्या कारखान्यांना बनवायला मनाई होती, त्याचाच भाऊबंद समुद्रापलीकडून आणून शिपायांना दिला. माझा आक्षेप इथेच सर्वांत तीव्र आहे. युद्धकाळातलं सरकार माणसं सक्तीने सैन्यात भरती करू शकत होतं, पण एका भोकावरचा खासगी हक्क बाजूला सारण्याची, योग्य मोबदला देऊन तो खुला करण्याची हिंमत त्याने दाखवली नाही.

बाकीच्या कारागिरांनी वाट वाकडी केली, आणि त्यांच्या करामती पाहिल्या की जीव हळहळतो. डॅनियल मूरच्या रिव्हॉल्वरमध्ये काडतूस पुढून घालायचं; त्याच्या बुडाला एक छोटं टोक असे आणि ते घराच्या मागच्या बारीक छिद्रातून डोकावे. घर आरपार नाही, फक्त टोकापुरतं छिद्र! प्लांटच्या रिव्हॉल्वरमध्ये काडतुसाचं बूड वाटीसारखं आत वळवलेलं. ब्रुकलिनच्या स्लोकमने प्रत्येक घराला सरकणारी नळीच बसवली, म्हणजे काडतूस ना पुढून भरायचं ना मागून, तर बाजूने. या सगळ्यात बुद्धी कमी नाही. उलट, इतकी उत्तम बुद्धी केवळ एका भोकाला वळसा घालण्यात खर्ची पडली, हेच दुःख आहे. काहींनी तर सरळ भोक पाडलं आणि कोर्टात सापडले. मूरच्याच आधीच्या आणि पाँड या दुसऱ्या उत्पादकाच्या अशा आरपार घरांच्या रिव्हॉल्वरांवर मग ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवले’ असा ठसा मारावा लागला. ॲलन या आणखी एका उत्पादकाविरुद्धचा खटला व्हाइटने १८६३ मध्ये जिंकला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेल्याने खालचा निकाल कायम राहिला. चार न्यायाधीशांना हे पेटंट पटलेलं नव्हतं, हे विसरता येत नाही.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ज्या कोल्टची या पेटंटाने कोंडी केली, त्या सॅम्युअल कोल्टने स्वतः १८३६ च्या पेटंटावर, मुदतवाढ मिळवून, १८५७ पर्यंत हाच खेळ केला होता आणि प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचून हरवलं होतं. फरक एवढाच की कोल्टचं रिव्हॉल्वर चालत होतं. त्याने जे हक्काने मागितलं ते त्याने बनवून, विकून दाखवलेलं होतं. व्हाइटने मागितलं ते त्याच्या यंत्रात कधी धड चाललंच नाही; ते चाललं दुसऱ्यांच्या काडतुसामुळे.

रेमिंग्टनने १८६८ मध्ये परवाना घेऊन, रॉयल्टी मोजून आपली रिव्हॉल्वरं बदलली. कोल्ट कंपनीने त्याच वर्षी थूअर नावाच्या आपल्या कारागिराचं पेटंट वापरून निमुळती काडतुसं पुढून भरण्याचा घाट घातला. सुमारे ५,००० नग निघाले आणि प्रकार फसला. पुढून भरलेलं काडतूस हे पळवाटेसाठी जन्माला आलेलं होतं; वापरणाऱ्याच्या सोयीचा त्यात विचारच नव्हता. एप्रिल १८६९ मध्ये व्हाइटचं पेटंट संपलं आणि मग सगळं झपाट्याने घडलं. १८७१ मध्ये चार्ल्स रिचर्ड्सच्या पद्धतीने कोल्टची जुनी ‘आर्मी’ रिव्हॉल्वरं काडतुसांसाठी बदलली जाऊ लागली, लष्कराने आपली १,२०० तशी बदलून घेतली. १८७२ मध्ये विल्यम मेसनने ती पद्धत सुधारली. १८७३ मध्ये कोल्टचं ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्वर आलं. मोठी रिमफायर काडतुसं मात्र टिकली नाहीत. कडेत मसाला भरायचा तर पत्रा पातळ ठेवावा लागतो आणि पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही, शिवाय रिकामं नळकांडं पुन्हा भरता येत नाही. मधोमध टोपी असलेल्या काडतुसाने ती जागा घेतली, आणि रिमफायर उरलं ते मुख्यतः ०.२२ मध्ये.

हे बदललेले नग म्हणूनच मला मोलाचे वाटतात. आज काही हौशी अस्सल जुनी ठासणीची रिव्हॉल्वरं आधुनिक काडतुसांसाठी बदलायला निघतात, ते मला मुळीच मान्य नाही. ते लोखंड आजच्या काडतुसांच्या दाबासाठी घडवलेलं नाही, हात आणि डोळे जायला एक बार पुरतो. आणि असा अस्सल नग एकदा कापला की १८६० च्या दशकाचा एक पुरावा कायमचा गेला.

व्हाइटने मुदतवाढीसाठी प्रयत्न सोडले नव्हते. पेटंट कार्यालयाने नकार दिल्यावर त्याच्यासाठी काँग्रेसने स्वतंत्र विधेयकच मंजूर केलं. ते सहीसाठी ज्याच्यासमोर आलं तो राष्ट्राध्यक्ष होता युलिसिस ग्रँट, त्याच युद्धाचा सेनापती. ११ जानेवारी १८७० रोजी त्याने नकाराधिकार वापरला. या पेटंटापायी युद्धात सरकारची गैरसोय आणि अडचण झाली, असं शस्त्रखात्याचे प्रमुख डायर यांनी कळवलं होतं. रॉयल्टीपोटी व्हाइटला सुमारे ७१,००० डॉलर मिळाले होते, त्यातला मोठा भाग खटल्यांत गेला. स्मिथ अँड वेसनचा नफा दहा लाखांच्या वर होता. माणूस म्हणून व्हाइटची फसगत झाली हे खरं, पण त्याची भरपाई आणखी काही वर्षं सगळ्या कारखान्यांचे हात बांधून करायची नव्हती. ग्रँटचा निर्णय मला बरोबर वाटतो.

त्याच १८७० साली स्मिथ अँड वेसनने आपलं पहिलं मोठं, ०.४४ इंची ‘मॉडेल नंबर ३’ बाजारात आणलं. अमेरिकन लष्कराने १,००० घेतली, आणि पाठोपाठ रशियाच्या झारच्या सैन्याची मोठी मागणी आली.