होड्या नेव्हीला द्या म्हणे!

परवा रविवारी ऑफिसची गँग घेऊन कुंभारगावला गेलो होतो. उजनीचं बॅकवॉटर, फ्लेमिंगो, नंतर माशाचं जेवण... नेहमीचा प्रोग्राम. मी बारामतीचा, त्यामुळे गाईडगिरी आपसूक माझ्याकडे. होडीत आमच्यातल्या एकाने (याने 'डंकर्क' चारदा पाहिलाय!) जाहीर केलं, "उद्या युद्ध झालं ना, तर या सगळ्या होड्या नेव्हीला द्यायच्या. काय सीन होईल यार!"

होडीवाले काका म्हणाले, "न्या की. पण मोडली तर भरून कोण देणार, तेवढं लिहून द्या."

सगळे हसले. मला तो अख्ख्या दिवसातला एकमेव शहाणा प्रश्न वाटला.

आधी डंकर्कचंच बघू. सिनेमात माणूस होडी काढतो आणि निघतो. प्रत्यक्षात १४ मे १९४० ला बीबीसीवरून सरकारी हुकूम वाचला गेला होता: ३० ते १०० फुटी हौशी मोटरबोट असेल, तर १४ दिवसांत माहिती कळवा. म्हणजे आधी यादी! सुटका सुरू झाली २६ मेला. तीन लाख अडतीस हजार सैनिक आले, पण बहुतेक विनाशिका आणि मोठ्या जहाजांतून. अनेक छोट्या बोटींवर मालक नव्हे, नौदलाचे खलाशी होते. काही मालक स्वतः गेले हे खरंच, आणि त्यांना सलाम. पण देश काही हौसेवर सोडला नव्हता.

अमेरिकेने १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवायला श्रीमंतांच्या शिडाच्या याट घेतल्या. शिडाला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे पाणबुडीला चाहूल लागत नाही. लोक टिंगलीने 'हूलिगन नेव्ही' म्हणायचे. पण ही माणसं रीतसर तटरक्षक दलाच्या राखीव यादीत होती. त्या डिसेंबरात 'झैदा' नावाची याट वादळात भरकटली, ९ माणसं, २१ दिवस. विमानं आणि जहाजं शोधायला गेली. नऊच्या नऊ परत आले.

आता आपण. शेखाडीला आरडीएक्स उतरलं, १२ मार्च १९९३ ला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. मग 'ऑपरेशन स्वान': भाड्याचे मासेमारी ट्रॉलर, त्यावर नौदल, कस्टम्स आणि पोलिस. ट्रॉलर जाळं ओढायला बनवलेला. तो स्मगलरच्या स्पीडबोटीला काय कपाळ गाठणार? आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) पुढे त्याच खटल्यात कस्टम्सचे अधिकारी आणि पोलिस दोषी ठरले. होड्या कमी होत्या म्हणून माल उतरला नव्हता. ज्यांच्याकडे पहारा होता त्यांनीच वाट दिली होती, आणि उपाय म्हणून आपण कोळ्याची बोट भाड्याने घेतली.

२००८ ला तेच पाणी. पोरबंदरचा 'कुबेर' ट्रॉलर पळवला, त्यावरचे पाचही जण मारले. बधवार पार्कला दहा जण उतरले, तेव्हा त्यांना हटकलं कोणी? तिथल्या मच्छीमारांनी. त्यानंतर भाषणांतून एकच पालुपद सुरू झालं, मच्छीमार म्हणजे देशाचे डोळे आणि कान. अहो, डोळ्याकानांना पोटही असतं! एक दिवस बोट किनाऱ्याला लागून राहिली तरी डिझेलवाला थांबत नाही.

"युद्धात कागदं कोण बघतो?" असं मित्र म्हणालाच. इंदापुरात जाऊन म्हण म्हणावं. उजनीसाठी इथल्या लोकांनी घरं दिली, शेतं दिली. जुनं पळसदेव पाण्यात गेलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर दिसतं. राष्ट्रासाठी दिलं की कागद किती लागतात, हे धरणग्रस्ताइतकं कोणालाच माहीत नाही.

तेव्हा होड्या जरूर मागा. पण आधी यादी, भाडं, विमा, वायरलेस आणि पलीकडून उत्तर देणारा माणूस. आणि त्यासाठी युद्धाची वाट कशाला बघायची? मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट याच पाण्यात वादळाने उलटली, सहा जण गेले. यादी तिथूनच सुरू करा.

बाकी परवा फोटो चांगले येत नाहीत म्हणून आमच्यातल्या तिघांनी लाईफ जॅकेट काढून ठेवली होती. त्यात मीही होतो.