देव पुरवील, पण यादी कोण करणार?

‘देव पुरवील.’ भिंगारमधल्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुठल्याही पोरापोरीला हे दोन शब्द पाठ असतात. फी भरायची तारीख जवळ आली की आजी म्हणायची, देव पुरवील. अचानक पाहुणे आले आणि डब्यात पीठ कमी असलं तरी तेच. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा तो पुरवायचाही. कधी शेजारच्या काकूंच्या हातून, कधी मामाच्या मनीऑर्डरीतून. त्यामुळे या शब्दांची टिंगल करणाऱ्यांतली मी नाही. पण हे शब्द कधी वापरायचे आणि कधी नाही, याबद्दल आपण तरुणांनी जरा मोकळेपणानं बोलायला हवं, असं मला वाटतं.

मला हे कळलं ते २०२० च्या उन्हाळ्यात. लॉकडाऊन होता. हातावर पोट असणाऱ्यांची कामं बंद पडली होती. आम्ही काही तरुणांनी किराणा किट वाटायचं ठरवलं. गावालगतच्या एका वस्तीत जाऊन ४० घरांची नावं लिहून घेतली आणि ‘शनिवारी येतो’ म्हणून सांगितलं. शुक्रवारपर्यंत पैसे जमले होते २७ किटचे. मी बैठकीत म्हटलं, आज फोन करून लोकांना खरं काय ते सांगू, नाहीतर किट लहान करून सगळ्यांना देऊ. एक वडीलधारे म्हणाले, ‘तुझा विश्वास कमी पडतोय का, बाई? प्रार्थना कर. देव पुरवील.’ मी गप्प बसले.

शनिवारी १३ घरं राहिली. त्यातल्या एका घरापुढे म्हातारी आजी धुतलेली पिशवी घेऊन सकाळपासून बसली होती. राहिलेली किट आम्ही आठ दिवसांनी पोहोचवली. आजी काही बोलली नाही, पण मला मान वर करवत नव्हती. देवावर भरवसा आम्ही ठेवला होता आणि उपाशी राहिली ती. हा हिशेब कुठेतरी चुकतोय, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

मग वाटलं, आपल्याच भागातल्या माणसांनी हे कसं केलं ते बघावं. नगरला या बाबतीत उदाहरणांची कमी नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ पासूनचं. सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा बघून जोतिराव फुल्यांना प्रेरणा मिळाली, ती शाळा नगरचीच. पण मला जास्त जवळचं वाटतं ते टिळकांचं घर. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याचा मोठा काळ नगरमध्ये गेला.

टिळकांचा देवावरचा विश्वास जगावेगळा होता. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजूच्या हातात जायचा. उद्याचं काय, हा प्रश्न त्यांना पडायचाच नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आजही हे वाचलं की अंगावर काटा येतो. पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा म्हणजे दुसरी बाजू दिसते. टिळक देत होते, पण रिकाम्या डब्यांसमोर लक्ष्मीबाई उभ्या होत्या. चूल त्यांना पेटवायची होती. गंमत म्हणजे देण्यात त्याही मागे नव्हत्या. परक्याची पोरं घरात घेतली, वाढवली. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा केली. फरक एवढाच, की त्यांचा विश्वास डाळ-तांदूळ मोजणारा होता. आपल्याकडे टिळकांच्या विश्वासावर प्रवचनं होतात. लक्ष्मीबाईंच्या मोजण्यालाही विश्वासच म्हणावं, असं कुणी फारसं सांगत नाही.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दौंडजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन आपल्यापासून फार लांब नाही. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. माणसांपुढे हात पसरायचा नाही, देवाकडे मागायचं, ही म्युलर यांची पद्धत. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. तेवढ्या मुलींना पुरेल अशी तजवीज हातात नव्हती. कागदावर बघितलं तर हा वेडेपणाच. पण आधी पैसे जमू देत, मग मुली आणू, असं त्या म्हणत बसल्या असत्या तर किती जणी रस्त्यातच मेल्या असत्या!

म्हणजे भरवसा चूक नाही. उलट भरवसा नसता तर हे काम सुरूच झालं नसतं. पण रमाबाई मुली आणून नुसत्या गुडघे टेकून बसल्या नाहीत. केडगावात विहिरी खोदल्या, शेती केली, विणकाम सुरू केलं, छापखाना घातला. मुलींच्या हाताला काम दिलं. मूळ भाषांवरून स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं. प्रार्थना आणि विहीर, दोन्ही एकाच आवारात. आम्ही त्या शनिवारी यातली विहीर विसरलो होतो.

तिसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. १९६० मध्ये लग्न करतानाच दोघांनी खेड्यातल्या वंचितांसाठी काम करायचं ठरवलं होतं. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला आले. तिथं लोकांनी त्यांना सांगितलं, डॉक्टर, औषधाचं नंतर बघू, आधी अन्न आणि पाणी. डॉक्टरांनी ते ऐकलं. दुष्काळाच्या त्या वर्षांत पाणी आणि पोरांचं जेवण हेच आरोग्याचं काम झालं. मग गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येक जणी निरक्षर होत्या, दलित होत्या. बाळंतपणं, लसी, मुलांची वजनं, सगळं त्यांनी हातात घेतलं. १९७९ मध्ये या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आरोळ्यांची प्रेरणा ख्रिस्ती श्रद्धेतून आली, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण काम करताना त्यांनी गावाला विचारलं, मोजमाप ठेवलं, नोंदी ठेवल्या. किती मुलं जगली, किती दगावली, याचा आकडा ठेवणं म्हणजे अविश्वास नव्हे. ज्या पोरांना आपण देवाची म्हणतो, त्यांना मोजलंच नाही तर एखादं गेलेलं कळणार कसं?

या सगळ्यातून मला एक साधा नियम सापडला. देवावरचा भरवसा सेवा करणाऱ्यानं स्वतःच्या ताटासाठी ठेवावा, दुसऱ्याच्या ताटासाठी नाही. मला पगार मिळेल का, माझं करिअर होईल का, लोक काय म्हणतील, हे सगळं मी खुशाल देवावर सोडावं. पण ज्या माणसाला मी ‘शनिवारी येतो’ म्हटलं, त्याचा शनिवार माझ्यावर आहे. तिथं यादी हवी, हिशेब हवा, आणि कमी पडत असेल तर आधीच जाऊन सांगायची हिंमत हवी. आपलं ढिसाळ नियोजन विश्वासाच्या नावाखाली झाकणं म्हणजे देवाच्या नावावर उधारी करणं.

एक नाजूक मुद्दाही टाळायला नको. ख्रिस्ती सेवा म्हटलं की लगेच प्रश्न येतो, बदल्यात काय मागता? रमाबाईंवरही हा आरोप झाला. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात मोठा वाद झाला, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. आजही वस्तीत किट घेऊन गेलं की कुणीतरी संशयानं बघतंच. चिडून उपयोग नाही. मला वाटतं, यावर उत्तर भाषणानं देता येणार नाही. किटबरोबर पत्रक जाणार नाही, कुणाचा धर्म विचारला जाणार नाही, आणि नाव लिहायचं ते फक्त कुणी सुटू नये म्हणून, हे स्वच्छ ठरलेलं असलं पाहिजे. देव पुरवतो यावर आपला खरंच विश्वास असेल तर बदल्यात काही मिळवायची घाई कशाला?

हे आत्ता लिहिण्याचं कारणही आहे. परदेशी देणग्यांचे नियम २०२० पासून आणखी कडक झालेत. ज्या कामांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून पैसा यायचा, तिथं आता आपल्याला खिशात हात घालावा लागणार आहे. अशा वेळी दोन चुका होऊ शकतात. एक, पैसा नाही म्हणून काम बंद. दुसरी, देव बघेल म्हणून वाट्टेल ते आश्वासन. पहिलीत विश्वास नाही आणि दुसरीत जबाबदारी नाही.

आमच्या ग्रुपनं आता पद्धत बदलली आहे. आधी हातात किती आहे ते मोजतो, तेवढ्यांनाच शब्द देतो आणि त्यापुढच्या घरांसाठी प्रार्थना करतो. जमलेल्या पैशांचा हिशेब महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचतो. काही जणांना हे कोरडं वाटतं. मला मात्र वाटतं, आता कुठे आमची प्रार्थना खरी झाली. कारण आता मागताना आम्हाला नेमकं माहीत असतं, किती घरं राहिलीत आणि कुणाची.

तुम्ही चर्चमध्ये जात असा, मंदिरात, मशिदीत, विहारात किंवा कुठेच जात नसा. एखाद्या वस्तीत काम करायची इच्छा असेल तर जरूर करा, खिसा पूर्ण भरायची वाट बघू नका. फक्त जाताना वही-पेन न्या. आणि परत येताना कुणाला कोणता वार सांगितला, तो लक्षात ठेवा.