फुकट वाय-फाय स्टेशनवर, गरज मोहल्ल्यात

'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीची धावपळ चालू होती तेव्हा आपल्या वस्त्यांतली झेरॉक्सची दुकाने आठवून बघा. बाहेर बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात आधार कार्ड, आणि आतून दुकानदार विचारतोय, "आपा, ओटीपी कुणाच्या नंबरवर गेला?" नंबर नवऱ्याचा, नवरा लूमवर पाळीला. त्याला फोन लावा, आकडा विचारा, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा रांग. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला हेच, हजच्या अर्जाला हेच. आणि वक्फ मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर चढवताना गावोगावच्या मुतवल्लींची जी दमछाक झाली ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

अशा वेळी कुणीतरी म्हणतेच, "आता तर नेट फुकट मिळतं!" मिळते, पण कुठे?

जानेवारी 2016 मध्ये गूगल आणि रेलटेल यांनी मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्टेशनांवर फुकट वाय-फाय सुरू केले. जून 2018 पर्यंत ते 400 स्टेशनांवर पोहोचले. केरळात एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने ओझी वाहता वाहता कानात इअरफोन घालून अभ्यास केला आणि राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली, ही 2018 ची बातमी अनेकांना आठवत असेल. (व्हॉट्सॲपवर फिरताना लोकांनी त्याला परस्पर आयएएस करून टाकले, ते सोडून द्या. परीक्षा गावपातळीवरच्या महसूल सहायकाच्या पदाची होती, आणि तेवढेही कमी नाही.) आम्हाला या बातमीतली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो माणूस दिवसभर स्टेशनवरच असायचा. वाय-फाय त्याच्या कामाच्या जागी आले म्हणून त्याला उपयोगी पडले. मालेगावची किंवा मुंब्र्याची दहावीतली मुलगी अभ्यासाला प्लॅटफॉर्मवर जाऊन बसणार आहे का? घरचे पाठवतील का?

2020 मध्ये गूगल या कामातून बाहेर पडले. डेटा आता स्वस्त झालाय, वाय-फायची तेवढी गरज उरली नाही, असे कारण दिले गेले. रेलटेलने काम पुढे चालू ठेवले. स्वस्त झाला हे खरेच. पण जुलै 2024 मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर साधारण 10 ते 25 टक्के वाढवले, आणि मुळात घरात एकच स्मार्टफोन असेल तर डेटा कितीही स्वस्त होवो, तो फोन ज्याच्या खिशात त्याचाच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका 38 टक्के होत्या, पुरुष 61 टक्क्यांच्या वर. हा फरक सगळ्या समाजांचा मिळून आहे. आपल्या घरात तो किती, हे ज्याने त्याने बघावे.

2019 मध्ये केरळ हायकोर्टाने फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. होस्टेलने संध्याकाळी मोबाईल काढून घ्यायचा नियम केला होता, तिने तो मानला नाही म्हणून तिला बाहेर काढले गेले होते. मुलीने भांडून मिळवलेला हा हक्क आपल्या मुलींपर्यंत आणायचा तर जागा आपल्यालाच द्यावी लागेल.

त्यासाठीचा कायदेशीर रस्ता आहे, पण फार कमी लोकांना माहीत आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदार, वाचनालय, अंजुमन, मस्जिद ट्रस्ट, कुणीही परवाना न घेता, नोंदणी फी न भरता वाय-फाय केंद्र चालवू शकते. देशात 2022 पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट करायचे सरकारी धोरण होते, 2024 च्या अखेरीला पीएम-वाणीचे जेमतेम अडीच लाखांच्या आसपास झाले. अडचण लाईनच्या खर्चाची होती. कंपन्या छोट्या केंद्रांकडून महागड्या लीज लाईनचे पैसे मागत. जून 2025 मध्ये ट्रायने त्यावर मर्यादा घातली: 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती ब्रॉडबँड प्लॅनच्या दुपटीहून जास्त दर अशा केंद्राला लावता येणार नाही. म्हणजे मोहल्ल्याने वर्गणी काढली तर झेपेल असा हा मामला आहे.

आता खरी भीती. कमिटीत हा विषय काढला की कुणीतरी हळूच म्हणतो, "उद्या कुणी काही उलटसुलट पाठवलं तर पोलीस आपल्या दारात." ही भीती हवेतली नाही. 2008 मध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा ई-मेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता आणि त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यानंतरच वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे नियम आले. म्हणून राउटर लावून पासवर्ड भिंतीवर चिकटवायचा प्रकार कुणी करू नये. पीएम-वाणीत वापरणाऱ्याची ओळख मोबाईल नंबरवरून पटवायची आणि नोंदी ठेवायची जबाबदारी सरकारदरबारी नोंदणी झालेल्या कंपनीची असते, जागा देणाऱ्याने ती आपल्या डोक्यावर घ्यायची नसते. कमिटीच्या बैठकीत हे नीट समजावून सांगा.

नुसत्या राउटरने रांगेतल्या आपाचा प्रश्न सुटत नाही, हेही बोलून टाकू. तिला हवी बसायला खोली, दोन जुने का होईनात पण चालणारे कॉम्प्युटर, आणि फॉर्म भरून देणारी एखादी शिकलेली मुलगी. बायका-मुलींसाठी वेगळी वेळ ठेवली नाही तर संध्याकाळी तिथे मुलांचा गेम पार्लर होईल, आपण आपल्याच मुलांना ओळखतो. दुसऱ्यांच्या आधारचे फोटो केंद्राच्या कॉम्प्युटरवर राहू देऊ नयेत, काम झाले की पुसावेत. बँकेचे व्यवहार तिथल्या वाय-फायवर टाळलेलेच बरे. आणि ज्या बहिणीचा आधार नवऱ्याच्या नंबराला जोडलाय, तिचा स्वतःचा नंबर जोडून घेणे हे त्या मुलीचे पहिले काम ठेवावे. त्यासाठी बहिणीला घेऊन आधार केंद्रापर्यंत जाता येईल.

2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन झालेत. दहावीचा निकाल लागला की दुकानाबाहेरची पुढची रांग आपल्या मुलांची असते. खोली त्याआधी उघडायची असेल तर लाईनचा अर्ज आणि कमिटीची मंजुरी एप्रिलमध्येच व्हायला हवी.