दोष एकट्या स्त्रीचा कसा?

त्वचेच्या पेशीपासून स्त्रीबीज घडविल्याचे अमेरिकेतील ओरेगन येथील शास्त्रज्ञांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. निसर्गावर मात झाली, असा गाजावाजाही झाला. वस्तुस्थिती अधिक नम्र आहे. अशा ८२ बीजांपैकी फलनानंतर सहाव्या दिवसाच्या अवस्थेपर्यंत जेमतेम ९ टक्के पोहोचली आणि त्यांतही गुणसूत्रांचे दोष राहिले. निसर्गाचे काम किती अवघड आहे, याचीच ही साक्ष होय.

ते काम समजून घेण्याजोगे आहे. मुलगी आईच्या उदरात असतानाच तिच्या अंडाशयात लक्षावधी बीजे तयार होतात. जन्मापर्यंत त्यांतील दहा-वीस लाख उरतात आणि वयात आल्यापासून उभ्या आयुष्यात सुमारे ४०० पक्व होतात. पुरुषबीजाचा क्रम निराळा. ते वयात आल्यावर अखंड घडत राहते; एकेका शुक्राणूस सिद्ध होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. उष्णता, तंबाखू, मद्य आणि काही आजार यांचा या घडणीवर परिणाम होतो. दोन्ही बीजांत ४६ गुणसूत्रांची २३ होतात. स्त्रीबीजात सदैव एक्स गुणसूत्रच असते. एक्स की वाय, हे पुरुषबीज ठरविते.

शाळेच्या पुस्तकातील हे ज्ञान आमच्या घरांच्या उंबरठ्याशी का अडते, हा आमचा प्रश्न आहे. पाळणा हलला नाही, तर बोल सुनेला. मुलगीच झाली, तरी बोल सुनेलाच! वास्तविक, वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो आणि त्याची प्राथमिक तपासणी स्त्रीच्या तपासण्यांहून कितीतरी सोपी असते. तरीही ती बहुधा सर्वांत शेवटी होते. देवाला कौल लावणे हा श्रद्धेचा भाग झाला. मुलाची तपासणी टाळणे ही मात्र श्रद्धा नव्हे, तो पुरुषी अहंकार आहे.

साहाय्यक प्रजननाविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने खाजगी केंद्रांवर नियमन आणले आणि लिंगनिवडीस बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु ओटीच्या समारंभातून वगळल्या जाणाऱ्या स्त्रीचा अपमान कोणताही कायदा पुसू शकत नाही. निदान एवढे व्हावे : सरकारी रुग्णालयांनी पती-पत्नींची तपासणी एकाच वेळी करण्याचा दंडक घालावा आणि वडीलधाऱ्यांनी सुनेबरोबर मुलालाही डॉक्टरांकडे धाडावे. बीज दोघांचे असते; उत्तरदायित्वही दोघांचेच असले पाहिजे.