सहा व्होल्टचे बारा

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९४७ ते १९५२ या काळात ‘८ एन’ जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बांधले. त्यांपैकी कित्येक आजही तेथील लहान शेतांवर गवत कापण्याच्या कामी येतात. त्यांची मूळ बॅटरी सहा व्होल्टची, म्हणजे दोन दोन व्होल्टच्या तीन घरांची. थंडीच्या पहाटे इंजिनातील तेल घट्ट होते, स्टार्टर कण्हू लागतो, आणि मालक कंटाळून बारा व्होल्टची बॅटरी आणावयास निघतो.

त्याने क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. स्टार्टर दीडशे अँपियर प्रवाह ओढीत असता वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. सहापैकी दीड म्हणजे चौथा हिस्सा! पाटात गाळ साचला असता विहीर आटली म्हणण्यासारखेच हे झाले. हा गाळ सापडतो बॅटरीच्या टोकांवरील पांढऱ्या क्षारात, गंजलेल्या बोल्टात, रंगाच्या थरावर आवळलेल्या अर्थिंगच्या तारेत. आणि पुष्कळदा पूर्वी कोणी बसविलेल्या बारीक तारेत, कारण बारा व्होल्टला पुरणारी तार सहाला पुरत नाही. आपल्याकडील ट्रॅक्टर बहुधा बारा व्होल्टचेच. परंतु गंजलेल्या बोल्टाची ही परीक्षा त्यांनाही लागू आहे.

इतके करूनही बदल करावयाचाच असेल, तर तो अर्धवट ठेवू नये. या ट्रॅक्टरच्या सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते. नव्या आल्टरनेटरसाठी ऋण टोक जोडावे लागते. चुकले, तर आतील डायोड तत्काळ जळतात. जुना डायनामो व रेग्युलेटर काढावा, अॅमीटरच्या तारांची अदलाबदल करावी, दिवे बारा व्होल्टचे लावावेत. विसर पडतो तो कॉइलचा. सहा व्होल्टच्या कॉइलला बारा दिले की प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट. म्हणून तिच्या वाटेत योग्य मापाचा जादा रेझिस्टर घालावा, अथवा कॉइलच बारा व्होल्टची बसवावी. स्टार्टर मात्र जुनाच चालतो. टोके उलटली तरी तो उलटा फिरत नाही, कारण त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांतील प्रवाह एकदमच उलटतो. त्याचा जोर मात्र वाढतो. बटण फार वेळ दाबून धरू नये.

भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पाना चुकून सांगाड्याला टेकला आणि एक ठिणगी उडाली, तर आम्लासह तिचे तुकडे तोंडावर येऊ शकतात. यास्तव सांगाड्याला जोडलेली तार प्रथम सोडवावी आणि सर्वांत शेवटी लावावी.