चकमा बौद्धांचे अर्ज कोठे अडले?

नागरिकत्व हा हक्क आहे की सरकारदरबारची बक्षिसी, या प्रश्नाचे उत्तर भारताच्या राज्यघटनेने व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. तरीही अरुणाचल प्रदेशातील चकमा बौद्धांना हाच प्रश्न साठ वर्षांनंतरही कचेरीच्या दारात उभे राहून विचारावा लागत आहे. महाराष्ट्रातील बौद्ध जनतेला या आपल्या धम्मबांधवांची माहिती फारच थोडी. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव निघते ते ‘निर्वासित’ किंवा ‘घुसखोर’ या शब्दांच्या सोबतीने. आणि हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, एवढेही भान बातमी लिहिणाऱ्यास पुष्कळदा नसते. म्हणून या प्रकरणाची हकीकत वाचकांपुढे काहीशी विस्ताराने मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चकमा लोक मूळचे चित्तगावच्या डोंगरी मुलखातले. थेरवादी बौद्ध धम्म त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा त्या मुलखातील शेकडा सत्त्याण्णव लोक मुसलमानेतर होते. आपण भारतातच राहणार या खात्रीने १५ ऑगस्ट रोजी रांगामाटी येथे तिरंगी ध्वज फडकविण्यात आला. दोन दिवसांनी रॅडक्लिफ यांचा निवाडा प्रसिद्ध झाला आणि सारा मुलूख पाकिस्तानच्या पदरात पडला. पुढे पाकिस्तान सरकारने कर्णफुली नदीवर काप्ताई येथे विजेसाठी धरण बांधले. ते १९६२ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याखाली सुमारे चोपन्न हजार एकर, म्हणजे त्या भागातील लागवडीच्या जमिनीपैकी जवळजवळ चाळीस टक्के जमीन गेली, आणि एक लाखाच्या आसपास माणसे उघड्यावर आली. त्यांपैकी हजारो कुटुंबे १९६४ साली सीमा ओलांडून आसामात व त्रिपुरात आली.

यापुढची गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावयास हवी. हे लोक जंगल तुडवीत चोरपावलांनी अरुणाचलात शिरलेले नाहीत. निर्वासितांचा भार आसामला पेलवेना, तेव्हा राज्यपाल विष्णू सहाय यांनी १० एप्रिल १९६४ रोजी मुख्यमंत्री चलिहा यांस पत्र लिहून, ईशान्य सीमा प्रदेशाच्या तिरप विभागात चकमांना वसवावे असे सुचविले. हा सीमा प्रदेश म्हणजेच आजचा अरुणाचल. त्या वेळी तो केंद्राच्या अमलाखाली होता व राज्यपाल त्याचा कारभार राष्ट्रपतींच्या वतीने पाहत. १९६६ साली पुनर्वसनाची रीतसर योजना तयार झाली आणि भारत सरकारने दर कुटुंबामागे चार हजार दोनशे रुपये मंजूर केले. जमिनीही नेमून दिल्या. १९६४ ते १९६९ या काळात चकमा व हाजोंग मिळून सुमारे पंधरा हजार माणसे अशा रीतीने तेथे वसविण्यात आली. ज्यास सरकारने हाताला धरून आणले, जमीन दिली, पैसे देऊन घर उभारावयास लावले, त्यास घुसखोर म्हणावयाचे तर आणणाऱ्यास काय म्हणावे?

१९७२ च्या फेब्रुवारीत भारत व बांगलादेश यांच्या पंतप्रधानांचे संयुक्त निवेदन निघाले. त्यानंतर, या लोकांना नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ अन्वये नोंदणी करून नागरिकत्व द्यावे, असा आपला निर्णय केंद्र सरकारने राज्यांना कळविला. चकमांनी अर्ज केले. हे अर्ज डेप्युटी कमिशनरकडे द्यावयाचे असतात. आपण ज्यास कलेक्टर म्हणतो तोच तेथला डेप्युटी कमिशनर. १९५६ च्या नियमांप्रमाणे त्याने आलेला अर्ज आपल्या अहवालासह केंद्राकडे पाठवावयाचा. नागरिकत्व द्यावे की न द्यावे हे ठरविण्याचा अधिकार केंद्राचा. मधल्या अधिकाऱ्याचा अधिकार पोहोचविण्यापुरता. पण पोहोचविणारा हात जेथे थांबतो तेथे ठरविणाऱ्याच्या अधिकाराला काय अर्थ उरला? अर्ज पुढे गेले नाहीत. ते जिल्ह्यातच पडून राहिले.

सरकारी कचेरीतील हा प्रकार वकिली करणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. अर्ज फेटाळला तर फेटाळण्याचे कारण लिहावे लागते. कारण लिहिले की ते कायद्याच्या कसोटीवर घासता येते. त्यावर अपील करता येते. म्हणून हुशार अधिकारी अर्ज कधी फेटाळीत नाही. ‘विचाराधीन’ हा एकच शब्द तो वर्षानुवर्षे लिहितो. या शब्दावर अपील नाही, त्याला मुदत नाही, आणि त्याखाली सही करणाऱ्यावर कसली जबाबदारीही नाही. सही करणारा बदलून जातो, निवृत्त होतो. अर्जदार म्हातारा होऊन मरतो. आणि त्याचा मुलगा त्याच मजकुराचा दुसरा अर्ज घेऊन त्याच टेबलासमोर उभा राहतो. अन्यायाचा हुकूम निघाला तर तो निदान दाखविता तरी येतो. येथे हुकूमच नाही.

ही दिरंगाई कागदापुरतीही राहिली नाही. १९९१ साली चकमांच्या शिधापत्रिका काढून घेण्यात आल्या. १९९४ पासून विद्यार्थी संघटनेने ‘विदेशी’ लोकांस राज्य सोडून जाण्याच्या नोटिसा देण्यास सुरुवात केली व मुदत घातली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ रोजी सरन्यायाधीश अहमदी यांच्या पीठाने जो निकाल दिला तो आमच्या मते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचून ठेवावा असा आहे. घटनेच्या २१ व्या कलमाचे जीवित व स्वातंत्र्याचे संरक्षण नागरिकास आहे तसेच परक्यासही आहे. एका समूहाने दुसऱ्यास घालवून देण्याची धमकी दिली तर राज्याने धमकी मिळालेल्याचे रक्षण केले पाहिजे. आणि आलेले अर्ज अडवून ठेवणारा डेप्युटी कमिशनर केवळ स्वतःचेच कर्तव्य चुकवीत नाही, तर केंद्र सरकारलाही त्याचे कर्तव्य करू देत नाही. असे तीन मुद्दे न्यायालयाने स्पष्ट केले व अर्ज पुढे पाठविण्याचा आदेश दिला.

पुढे काय झाले? १९९७ साली राज्यसभेच्या याचिका समितीने नागरिकत्व देण्याची शिफारस केली. २००७ साली चकमांच्या समितीला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. १७ सप्टेंबर २०१५ रोजी न्यायालयाने, पात्र चकमा व हाजोंग यांच्या नागरिकत्वाचे काम शक्यतो तीन महिन्यांत पुरे करा, असे केंद्र व राज्य या दोघांस बजावले. त्या तीन महिन्यांना सहा वर्षे होत आली तेव्हा, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, खुद्द मुख्यमंत्री या लोकांस राज्याबाहेर हलविण्याची भाषा बोलत होते. आणि २०२२ साली त्यांच्या हाती असलेले रहिवासाचे दाखलेही राज्य सरकारने स्थगित केले. शाळा-कॉलेजातील प्रवेश व बाहेरची नोकरी ज्या कागदावर मिळावयाची तोच काढून घेतला गेला.

आता या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाच्या, परंतु फारशा न बोलल्या जाणाऱ्या मुद्द्याकडे येऊ. नागरिकत्व कायद्याचे कलम ३ असे सांगते की, २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी जो भारतात जन्मला तो जन्मानेच भारताचा नागरिक होय. त्याचे आईबाप कोण होते याची चौकशी तेथे नाही. १ जुलै १९८७ नंतर व ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्मलेल्याचे आईबापांपैकी एक जण नागरिक असला म्हणजे पुरे. याचा अर्थ काय होतो? दियून, मियाओ किंवा चौखाम येथे १९७० साली जन्मलेला चकमा हा कोणाच्याही अर्जावाचून, कोणाच्याही सहीवाचून भारतीय नागरिक आहे. आणि त्याच्या पोटी १९९५ साली जन्मलेली मुलगीही आहे. नोंदणीचा प्रश्न उरतो तो केवळ १९६४ च्या सुमारास आलेल्या वृद्धांचा, आणि ते वर्षागणिक कमी होत आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली मतदारयादीच्या प्रकरणात हा जन्माचा हक्क मानला. त्यानंतर २००४ साली सुमारे दीड हजार चकमा व हाजोंग यांस प्रथमच मतदानाचा अधिकार बजावता आला. २०११ च्या जनगणनेत अरुणाचलातील चकमांची संख्या सत्तेचाळीस हजारांवर होती. या दोन आकड्यांमध्ये किती नागरिक हरवले आहेत याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. तेव्हा ‘चकमांना नागरिकत्व द्यावे की नाही’ हा प्रश्नच बहुतांशी चुकीचा आहे. जे त्यांचेच आहे ते मान्य करावे, एवढीच मागणी आहे.

२०१९ साली नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. तीत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून आलेल्या लोकांच्या यादीत ‘बौद्ध’ हा शब्द घातला गेला, म्हणून आमच्यापैकी काही जणांस आनंद झाला. त्यांनी तो कायदा शेवटपर्यंत वाचला असता तर बरे झाले असते. १८७३ च्या विनियमाखालील ‘इनर लाइन’चा प्रदेश त्यातून वगळलेला आहे, आणि सबंध अरुणाचल त्या रेषेच्या आत येतो. म्हणजे बौद्धांच्या नावाने केलेला कायदा, ज्या बौद्धांना नागरिकत्वाची सर्वाधिक निकड आहे त्यांच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. पण तो पोहोचला असता तरी आमचा आक्षेप कायम राहिला असता. धर्म पाहून नागरिकत्व देण्याची रीत एकदा रूढ झाली की धर्म पाहून ते नाकारण्याची रीतही तिच्या पाठोपाठ आलीच समजा. चकमांची बाजू आम्ही मांडतो ती ते बौद्ध आहेत एवढ्यासाठी नव्हे. कायदा त्यांच्या बाजूस आहे, आणि त्यांच्या शेजारी वसविलेल्या हाजोंगांच्याही बाजूस आहे. हाजोंग हिंदू आहेत. त्यांस वगळून आम्हांस काही नको.

स्थानिक जनतेच्या बाजूची उपेक्षा करणे मात्र अन्यायाचे होईल. सिंगफो, खामटी, तांग्सा हे तेथील मूळचे आदिवासी. त्यांपैकी सिंगफो व खामटी तर आपल्यासारखेच बुद्धाला शरण गेलेले. आपल्या जमिनी जातील, आपण आपल्याच मुलखात अल्पसंख्य होऊ, ही त्यांची भीती खोटी म्हणून झटकून टाकता येणार नाही. पूर्वीच्या आदिवासी मुलखांत बाहेरचा सावकार व ठेकेदार शिरला म्हणजे काय होते, हे त्यांनी पाहिलेले आहे. परंतु नागरिकत्व मिळाले म्हणजे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळत नाही, किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर हक्कही पोहोचत नाही. जमिनीच्या रक्षणासाठी वेगळे कायदे आहेत व ते अधिक कडक करण्यास कोणाचीच हरकत नाही. ईशान्येतीलच मिझोराममध्ये याच चकमांची स्वायत्त जिल्हा परिषद १९७२ पासून कारभार करीत आहे. एका राज्यात तोच माणूस कारभारी आणि दुसऱ्या राज्यात परका, असा हा न्याय आहे.

महाराष्ट्रातील बौद्धांस हे दुःख परके वाटण्याचे कारण नाही. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाने फॉर्मवर ‘बौद्ध’ असा शब्द लिहिला की केंद्राच्या सवलतींचे दार त्याला बंद होई, आणि ते उघडावयास १९९० साल उजाडावे लागले. आजही जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाच्या नावे जमिनीचा तुकडा नव्हता त्याच्याकडे सातबारा कोठून येणार? मग कोतवाल बुकाची नक्कल शोधा, आजोबांनी शाळा पाहिली असेल तर तिचे दप्तर शोधा. १९३१ साली मुंबईत गांधीजींच्या भेटीत बाबासाहेबांनी, आम्हांस मायभूमी नाही, असे त्यांच्या तोंडावर सांगितले होते. त्याच बाबासाहेबांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत नागरिकत्वाचे कलम मांडताना, एक अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नाही, आणि त्याचे किती मसुदे केले व किती फाडले याची गणती नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. एवढे श्रम कशासाठी? कोणीही माणूस दोन देशांच्या फटीत पडू नये यासाठी. १४ व्या व २१ व्या कलमांचे संरक्षण प्रत्येक ‘व्यक्ती’ला आणि १५ व्या, १६ व्या व १९ व्या कलमांचे संरक्षण प्रामुख्याने ‘नागरिका’ला, असा भेद घटनेत आहे. भेदभावाविरुद्धचा व सरकारी नोकरीतील समान संधीचा हक्क चकमाला मागता येऊ नये, म्हणूनच त्याचे नागरिकत्व अधांतरी ठेवण्यात कित्येकांना सोय वाटते.

आमच्या संस्थांनी या बाबतीत ठराव करून थांबू नये. २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कायदा हा केवळ नागरिकांस आहे. चकमाने त्याखाली अर्ज केला तर, प्रथम तू नागरिक आहेस हे सिद्ध कर, असे त्यास सांगता येते. आम्हांस तसे सांगता येणार नाही. तेव्हा मुंबई, नागपूर, औरंगाबाद येथील आमच्या वकील मित्रांनी व तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी केंद्रीय गृहमंत्रालयाकडे दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह अर्ज करावेत आणि एवढेच विचारावे : अरुणाचलातील चकमा व हाजोंग यांचे कलम ५ खालील किती अर्ज आजवर आले, किती जिल्ह्यातून केंद्राकडे पोहोचले, कोणत्या तारखांना पोहोचले, आणि त्यांपैकी किती अर्जांवर कोणता निर्णय झाला. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. अर्जाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, टपालाची पोच जपून ठेवावी, आणि येणारे उत्तर, ते कसेही असो, आमच्याकडे पाठवावे. आलेली सर्व उत्तरे आम्ही या पाक्षिकात तारखेवारीने छापू.