ओल्या भिंतीला रंग देऊ नका

पूर ओसरला की पंचनामे होतात. पडलेली भिंत मोजली जाते, दगावलेले जनावर नोंदले जाते. पण उभी राहिलेली आणि आतून भिजलेली भिंत कोणाच्या हिशेबात नसते. माझ्या मते, पुरानंतरचे कितीतरी आजार याच भिंतीतून येतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात घराघरांत पाणी शिरले. सप्टेंबरात लातूरसह मराठवाड्याला पुन्हा अतिवृष्टीने झोडपले. पाठोपाठ दसरा-दिवाळी आली. सणाआधी घर रंगवायची आपली रीत चांगलीच आहे. पण ओल्या गिलाव्यावर रंग दिला की डाग झाकले जातात, ओल तशीच राहते.

ओल मिळाली की एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. लाकूड, कागद, गाद्या, कपाटामागची धूळ हे तिचे खाद्य. तिचे सूक्ष्म बीजकण हवेत उडतात. सोबत जिवाणूही वाढतात आणि हे सारे श्वासावाटे आत जाते. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा व श्वसनाचे विकार अधिक होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच सांगितले आहे. जास्त त्रास लहान मुलांना, वृद्धांना आणि दमेकऱ्यांना होतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. करोनाच्या साथीत, २०२१ साली, 'काळी बुरशी' म्हणून गाजलेला म्युकरमायकोसिस वेगळा. भिंतीवर काळे डाग दिसले म्हणजे तो आजार झाला असे नव्हे.

उपाय साधे आहेत. आधी गळती बंद करा. दारे-खिडक्या उघडून भिंत पूर्ण वाळू द्या. फुगलेला गिलावा खरवडून काढा. बुरशी कोरडी झाडू नका; नाका-तोंडाला मास्क बांधून साबणाच्या पाण्याने पुसा. भिजून कुबट झालेल्या गाद्यांचा मोह सोडा. माळवदाच्या जुन्या मातीच्या भिंतींना घाईने सिमेंट थापू नका, आतली ओल कोंडून राहते.

हातावर पोट असणाऱ्याला भिंत वाळेपर्यंत थांबणे परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पंचनाम्यात भिजलेल्या भिंतीचीही नोंद व्हावी आणि गिलाव्यापुरती तरी मदत मिळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि वाचकहो, खोकला हटत नसेल तर डॉक्टरांना घरातली ओलही जरूर सांगा. औषधाइतकीच ती माहिती महत्त्वाची आहे.